आंब्याची पेटी घ्यायची की नाही? थेरपिस्टच्या शिक्षणातला अवघड भाग

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. निकाल देताना न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांना काही सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. पट त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. शिवाय शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण.

त्यानंतर काही दिवसांनी एका मुख्याध्यापकांचा मला फोन आला. मी सिंधुदुर्गात समुपदेशनाचं काम करते, म्हणून. सर म्हणाले, "मॅडम, एखादी चांगलं बोलणारी बाई बघा ना. आठवड्यातून एकदा येईल, पोरांशी दोन शब्द बोलेल, जाईल."

सरांचा हेतू चांगलाच होता. पण 'चांगलं बोलणारी' हे शब्द माझ्या डोक्यात अडकून बसले. आमच्या कामाबद्दल बहुतेकांची समजूत हीच असते: गोड बोलायचं, धीर द्यायचा, चार उपदेश करायचे. तेवढंच असतं तर कोकणात कुणाला शिकवायची गरजच नव्हती. इथे एसटीच्या थांब्यावर उभं राहिलं तरी दहा मिनिटांत तीन सल्ले फुकट मिळतात.

काम अवघड कुठे होतं, आणि त्या अवघड जागांसाठी थेरपिस्टला कसं घडवतात, ते या लेखात सांगते. लेखातली माणसं कुणा एकाची नाहीत. अनेकांचे तुकडे जोडून ती उभी केली आहेत. तसं का करावं लागतं, ते पुढे येईलच.

पाटीवर काय लिहिलंय?

आधी नावं निस्तरू. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो: एमबीबीएस आणि त्यावर मनोविकारशास्त्राचं शिक्षण. औषध तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. आजवर बहुतेकांनी त्यासाठी दोन वर्षांचं एम.फिल. केलेलं आहे, ज्यात रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावं लागतं. समुपदेशक मात्र एमए झालेला असू शकतो, एमएसडब्ल्यू झालेला असू शकतो, किंवा मोबाइलवर थोड्या दिवसांचा कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीला लावलेला. २०२१ मध्ये आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी कायदा झाला आणि समुपदेशकही त्याच्या कक्षेत आले, पण त्याचा धाक अजून पाटी रंगवणाऱ्यापर्यंत पोचलेला नाही.

बोलण्यातून उपचार करणाऱ्या सगळ्यांना मी इथे थेरपिस्ट म्हणणार आहे, आणि येणाऱ्याला क्लायंट. 'रुग्ण' म्हटलं की आमच्याकडे लगेच "रत्नागिरीला न्यायला लागणार काय?" असं विचारतात. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय इतकं जुनं, की त्या गावाचं नावच कोकणात टोमणा होऊन बसलंय. रत्नागिरीकरांचा यात काही दोष नाही.

अवघड म्हणजे जास्त आजारी नव्हे

लोकांना वाटतं, अवघड केस म्हणजे जोरात ओरडणारा, कपडे फाडणारा माणूस. तसा माणूस आला तर उलट काय करायचं ते बऱ्यापैकी ठरलेलं असतं: मानसोपचारतज्ज्ञ, औषध, घरच्यांना समजावणं. थेरपिस्टला घाम फुटतो तो वेगळ्याच माणसांपुढे. नवऱ्याला बायकोने ओढून आणलंय आणि तो खिडकीबाहेर बघतोय. पोरगी प्रत्येक गोष्टीला "हो मॅडम" म्हणते आणि करत काहीच नाही. एक बाई तासभर दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आणि जाता जाता, दाराच्या कडीवर हात ठेवून सांगते की लहानपणी काकाने काय केलं होतं.

अशा वेळी शिकलेलं पुस्तक मागे पडतं आणि थेरपिस्टचा मूळ स्वभाव पुढे येतो. स्वभावाने उपदेशी असलेला उपदेश करायला लागतो. भित्रा असलेला विषय बदलतो. ज्याला सगळ्यांना आवडायचं असतं तो क्लायंटची मर्जी राखतो. क्लायंटमुळे थेरपिस्टच्या मनात जे काही उसळतं, राग, कीव, भीती, माया, त्याला या शास्त्रात 'काउंटरट्रान्स्फरन्स' म्हणतात. फ्रॉइडने तो शब्द १९१० मध्ये वापरला होता. एकदा सांगितला, आता सोडून देऊ. आपण त्याला आतली भरती म्हणू. भरती येणारच. ती कधी येते आणि किती चढते, हे खाडीत होडी घालणाऱ्याला ठाऊक हवं.

दर्यावर न पिणारा माणूस

जून-जुलैत राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी शिवायला काढलेली, आणि खलाशी घरी. या दोन महिन्यांत दारूच्या केसेस वाढतात, असा माझा तरी अनुभव आहे.

बायको घेऊन आली. तो बसला, आणि पहिलंच वाक्य: "माका काय एक झाला नाय. हिका तपासा."

नवा थेरपिस्ट इथे काय करतो? तळमळीने समजावतो. लिव्हर, पैसे, पोरांची शाळा. त्यावर समोरून येतं: "माझ्या आज्यान ऐंशी वर्सां घेतल्यान. काय झाला तेका?" थेरपिस्ट आणखी जोर लावतो, समोरचा आणखी घट्ट होतो. तासाच्या शेवटी बायको रडत असते, नवरा विडी शोधत असतो आणि थेरपिस्ट वहीत लिहितो: 'क्लायंट सहकार्य करत नाही.'

माणूस दारूबद्दल दोन मनांचा असतो. एक मन म्हणतं सोडावी, दुसरं म्हणतं राहू दे. तुम्ही 'सोड'ची बाजू घेतली की त्याच्या वाट्याला 'राहू दे'ची बाजू उरते, आणि तासभर तीच बोलून तो स्वतःलाच पटवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये हे नीट मांडलं आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर त्यातून बोलण्याची एक पद्धत बांधली. तिचा गाभा एवढाच की बदलाची कारणं क्लायंटच्या तोंडून यायला हवीत.

आता तीच भेट, दुसऱ्या रीतीने.

"म्हणजे यायचं तुमच्या मनात नव्हतं."

"नव्हता."

"तरी आलात."

तो गप्प. थेरपिस्टही गप्प. हे गप्प राहणं शिकावं लागतं, आणि ते फार जड जातं.

"बोटीवर असताना घेता?"

"नाय. थंय चुकलंय तर जीव जातलो."

"जिथे जिवाशी गाठ आहे तिथे तुम्ही हात आवरता."

तो पहिल्यांदा खिडकीवरून नजर काढून इकडे बघतो. पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. पण 'मी थांबू शकतो' हा पुरावा त्याने स्वतःच टेबलावर ठेवलाय. थेरपिस्टने फक्त तो उचलून त्याला दाखवला.

इथेच आणखी एक गोष्ट शिकलेली हवी. रोज भरपूर पिणाऱ्याला "उद्यापासून बंद" असं सांगणं धोक्याचं आहे. एकाएकी बंद केल्यावर हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, जिवावर बेतणं, इथवर मजल जाते. तिथे आधी डॉक्टर, मग गप्पा. नुसतं चांगलं बोलणाऱ्याला हे ठाऊक नसलं तर त्याच्या चांगल्या बोलण्यानेच घात होईल. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकाराचे ८६ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. म्हणून जो एखादा बायकोच्या हट्टामुळे का होईना पण आला, त्याला वादात हरवून परत पाठवणं आपल्याला परवडत नाही.

तो शब्द तोंडातून निघत नाही

प्रशिक्षणात आम्ही जोड्या करून बसलो होतो. एकजण क्लायंट, एकजण थेरपिस्ट. क्लायंट झालेलीने सांगायचं होतं की जगण्यात अर्थ वाटत नाही. थेरपिस्ट झालेल्या माझ्या मैत्रिणीने विचारलं, "म्हणजे... मनात काही वाईट विचार वगैरे?" शिकवणाऱ्या बाईंनी थांबवलं. "वाईट विचार म्हणजे काय? सासूला शिव्या देणं हाही वाईट विचार. नीट विचार." दुसऱ्यांदा ती म्हणाली, "स्वतःला काही करून घ्यावंसं..." पुन्हा थांबवलं. चौथ्या खेपेला तिच्या तोंडून निघालं: "जीव द्यावा असं मनात येतं का?" आणि म्हणताना तिचेच डोळे भरले. मग खोलीतल्या सगळ्यांनी ते वाक्य एकेकदा मोठ्याने म्हटलं. विचित्र वाटेल, पण प्रशिक्षणाचा तो सगळ्यात उपयोगी अर्धा तास होता.

यावरचा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: विचारल्याने उलट डोक्यात घालणार नाही का? नाही. न्यूयॉर्क राज्यात दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं आणि ज्यांना नाही विचारलं, त्यांच्यात विचारल्यामुळे त्रास वाढल्याचं दिसलं नाही. आधीच खचलेल्या मुलांना उलट थोडं हलकं वाटलं असावं, असे आकडे निघाले.

विचारल्यानंतर काय, हा पुढचा धडा. पूर्वी थेरपिस्ट क्लायंटकडून वचन घ्यायचे, "पुढच्या भेटीपर्यंत काही करणार नाही." लेखी सुद्धा. त्याने जीव वाचतो असा भरवशाचा पुरावा नाही. थेरपिस्टला रात्री झोप लागते एवढंच. त्याऐवजी आता दोघं मिळून एका कागदावर सुरक्षेचा आराखडा लिहितात. वादळ यायच्या आधी मला काय जाणवतं, मी एकट्याने काय करू शकते, कुणाकडे जाऊन बसेन, कुणाला स्पष्ट सांगेन, कुठल्या नंबरला फोन करेन, आणि घरातली घातक वस्तू कोण दूर ठेवेल. बागायतदाराच्या घरात फवारणीच्या औषधाच्या खोलीची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न नाव घेऊन विचारावा लागतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी ही रीत घडवली. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत असा आराखडा लिहून नंतर फोनवर पाठपुरावा केला, तेव्हा सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन, नेहमीचीच काळजी मिळालेल्यांच्या तुलनेत, ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. हा अभ्यास २०१८ चा.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला आज गरज असेल तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ वर आहे, दिवसरात्र, मराठीतही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं. त्याला शिक्षा देण्यापेक्षा त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी मानली आहे.

"तू कोणाची?"

पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टला क्लायंट रस्त्यात भेटणं हा अपवाद. माझ्याकडे तो नियम आहे. बाजारात माशाच्या टोपलीसमोर, जत्रेत, लग्नाच्या पंगतीत. नव्या माणसाला पहिला प्रश्न "तू कोणाची?" असतो आणि दुसऱ्या मिनिटाला नातं निघतं. क्लायंटची नणंद माझ्या भाच्याची शिक्षिका, असं काहीतरी. पुस्तकात लिहिलंय, क्लायंटशी दुसरं कुठलंही नातं नको. ते पाळायचं तर मला तालुक्यात कुणीच क्लायंट घेता येणार नाही.

म्हणून इथल्या थेरपिस्टला वेगळी तयारी लागते. पहिल्याच भेटीत बोलून घ्यावं लागतं: "बाजारात दिसलो तर मी आपणहून ओळख देणार नाही. तुम्ही हसलात तर हसेन." २०१७ च्या कायद्याने गोपनीयता हा हक्क आहे. पण त्या हक्काला कायद्याने ठेवलेल्या खिडक्या असतात, आणि त्याही आधीच सांगायच्या असतात. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, तर गुप्तता मोडता येते. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. दारात उभी राहून काकाबद्दल बोलणारी ती बाई चाळिशीची असेल तर एक वाट, चौदा वर्षांची असेल तर दुसरी, आणि हे त्या क्षणी आठवावं लागतं. शाळेत येऊन 'दोन शब्द' बोलणाऱ्या बाईला हे ठाऊक नसलं तर काय होईल, याचा विचार सरांनी करावा.

दुसऱ्याला इजा होण्याच्या धोक्याबद्दल जगभर शिकवला जाणारा खटला कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये तिथे शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने टाटियाना टारासॉफ या मुलीला मारीन असं आपल्या थेरपिस्टला सांगितलं होतं. थेरपिस्टने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणी सांगितलं नाही, आणि तिचा खून झाला. १९७६ मध्ये तिथल्या न्यायालयाने ठरवलं की अशा वेळी धोक्यात असलेल्या माणसाचं रक्षण करण्याची जबाबदारी थेरपिस्टवर येते. हा निकाल आपल्याला लागू नाही, पण पेच तोच आहे.

पेटी

आता आंबे. एक बाई वर्षभर येत होती. नवरा गेल्यावर कलमांची बाग एकटीने सांभाळणारी. मे महिन्यात पाच डझनांची हापूसची पेटी घेऊन आली. गवत सरकवून वरचा आंबा माझ्या हातात दिला: "पहिली तोड तुमची."

पुस्तक म्हणतं, भेट घेऊ नये. कोकणात दारात आलेली पेटी परत करणं म्हणजे माणसालाच परत करणं. मी घेतली. घरी सगळ्यांनी ताव मारला.

महिन्याभराने माझ्या सुपरव्हायजर बाईंना मी माझ्या नोंदी दाखवल्या. सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी थेरपिस्टने आपलं काम तपासणं. साहेबाने हाताखालच्याची हजेरी घेणं नव्हे. त्यांनी तीन भेटींच्या नोंदी वाचल्या आणि म्हणाल्या, "दिराचा विषय कुठे गेला?" दिराने बागेच्या हिश्शावरून तिला छळलं होतं आणि त्यावर ती बोलायचं टाळायची. मी दर भेटीत हळूच त्या विषयाकडे न्यायचे. पेटी आल्यापासून एकदाही नेलं नव्हतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आंबे खाऊन मी पाहुणी झाले होते, आणि पाहुणी यजमानाला अवघड प्रश्न विचारत नाही.

पेटी घेतली ही चूक होती का, यावर बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "परत केली असतीस तर तिला काय वाटलं असतं, हे तिला विचारलंस का?" पुढच्या भेटीत विचारलं. त्या दिवशी दिराचा विषय तिनेच काढला.

करणी, कौल आणि आपण

"माझ्यावर करणी केलीय" म्हणणाऱ्या क्लायंटपुढे शिकलेला थेरपिस्ट दोन टोकांना जातो: अंधश्रद्धा म्हणून हसतो, नाहीतर मान डोलावतो. दोन्ही वाटा बंद. कुणी केली असं वाटतं, केव्हापासून, त्याआधी घरात काय घडलं, देवळात कौल लावला का, कौल काय मिळाला, हे विचारलं की बहुतेक वेळा जमिनीची वाटणी किंवा मोडलेलं लग्न बाहेर येतं. आणि आवाज ऐकू येतात, झोप उडालीय, असं निघालं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला उशीर करायचा नाही. देवाला गाऱ्हाणं घातलं म्हणून औषध थांबवायचं नाही, औषध सुरू झालं म्हणून गाऱ्हाणं थांबवायला सांगायचं नाही. एवढं पुरे.

पूर ओसरल्यावर

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली. अशा आपत्तीनंतर मदतीला धावणाऱ्यांत "मन मोकळं करा" म्हणणारेही असतात. चिखल उपसणाऱ्या माणसाला बसवून "काय पाहिलंत, कसं वाटलं" असं खोदून विचारणं ही एकेकाळी मान्यताप्राप्त पद्धत होती. अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी ती १९८० च्या दशकात निघाली आणि जगभर पसरली. नंतर तपासल्यावर दिसलं की एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वेगळं मार्गदर्शन दिलं: बघा, ऐका, जोडून द्या. कोण धोक्यात आहे ते बघा, बोलेल तर ऐका, आणि पाणी, औषध, हरवलेला नातेवाईक, पंचनामा, जे हवं त्याच्याशी जोडून द्या. ज्याची चूल वाहून गेलीय त्याला त्या दिवशी स्टोव्ह मिळवून देणं हेच मानसिक आरोग्याचं काम. शिकलेलं विसरणं हाही प्रशिक्षणाचा भाग आहे, तो असा.

दोन दिवसांच्या कार्यशाळेत काय होतं?

जेवण चांगलं असतं. प्रमाणपत्र मिळतं, गटफोटो निघतो.

चेष्टा सोडून सांगते. मिलर यांनीच आपली पद्धत शिकवून पाहिली, १४० परवानाधारक व्यावसायिकांना, आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना फक्त कार्यशाळा मिळाली त्यांच्यात सुधारणा झाली खरी, पण चार महिन्यांत ती बरीच ओसरली. ज्यांच्या खऱ्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून कुणीतरी पुढे अभिप्राय दिला किंवा फोनवर शिकवलं, त्यांची टिकली. आपली पद्धत कार्यशाळेने रुजत नाही हे तिच्या जनकानेच छापावं, याचं मला कौतुक आहे.

मला आमच्याकडचं दशावतार नाटक आठवतं. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, तोंडाला रंग लागतो आणि माणूस रंगमंचावर उभा राहून बोलायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, याला सुचतंय. पण ते सुचणं आयतं येत नाही. पोरवयात छोट्या भूमिकेत उभं राहायचं, जुन्या नटांचं रात्र रात्र ऐकायचं, संवाद लांबला की हार्मोनियमवर बसलेल्याची नजर ओळखायची, आणि पहाटे रंग पुसताना कुणीतरी सांगायचं, "तुझो राजा आज भिकाऱ्यासारखो रडलो." थेरपीतही संहिता नसते. म्हणूनच रंग पुसताना सांगणारं कुणीतरी लागतं.

अनुभवाने येतंच की?

हा सगळ्यात वजनदार आक्षेप. वीस वर्षं काम केलेल्याला पुन्हा कशाला शिकवायचं? नाखवा काय दरवर्षी परीक्षा देतो?

नाखव्याचं वेगळं आहे. जाळं रिकामं आलं की त्याला त्याच दिवशी कळतं. थेरपिस्टचं जाळं रिकामं आलेलं त्याला दिसत नाही. बरं न वाटलेला क्लायंट भांडत नाही. तो फक्त यायचा थांबतो, आणि आपण समजतो की बरा झाला असेल. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात थेरपिस्टना विचारलं, तुमच्या ५५० क्लायंटपैकी कोण बिघडेल? त्यांनी तिघांची नावं दिली. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि त्या तिघांपैकी एकच त्यांत होता. २०१६ मध्ये १७० थेरपिस्टचं, साडेसहा हजारांवर क्लायंटचं काम काही वर्षं तपासलं, तेव्हा अनुभव वाढला तसे सरासरी निकाल सुधारले नव्हते. किंचित घसरले होते. काहीजण सुधारले, पण नुसतं वय वाढल्याने नव्हे.

उपाय फार साधा आहे आणि म्हणूनच आवडत नाही: प्रत्येक भेटीत क्लायंटला दोन मिनिटांचा कागद भरायला द्यायचा. गेला आठवडा कसा गेला, आजचं बोलणं उपयोगी वाटलं का. मी सुरू केलं तेव्हा पहिल्या महिन्यात माझा चांगलाच मुखभंग झाला. ज्या मुलाशी माझं 'छान जमलंय' असं मी समजत होते, त्याने 'मॅडम माझं ऐकतात' या ओळीपुढे सलग तीनदा मधला आकडा लिहिला होता.

पैसे कोण देणार?

इथे माझ्याकडे गोड उत्तर नाही. सुपरव्हिजनला पैसे लागतात, आणि तालुक्यातला क्लायंट जी फी देतो त्यात ते बसत नाहीत. अनुभवी माणसं ठाणे-पुण्याकडे. ऑनलाइन होतं, पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही असतील तर. आम्ही चारजणींनी मिळून महिन्यातून एक शनिवार ठरवलाय: प्रत्येकीने एक फसलेली केस आणायची, नाव-गाव बदलून. जमलेली केस आणायला बंदी. सुपरव्हायजर बाई दोन महिन्यांतून एकदा फोनवर असतात, त्यांची फी चौघींत वाटून घेतो. हा पुरेसा तोडगा नाही. पण वर्षानुवर्षं एकटीने दार लावून काम करण्यापेक्षा बरा.

थेरपिस्ट शोधणाऱ्याने पदवी विचारावीच, नोंदणी विचारावी. मी म्हणेन, आणखी एक विचारा: "तुम्ही अडलात तर कुणाला विचारता?" ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडे पोराला पाठवताना दोनदा विचार करा.

मुख्याध्यापक सरांना मी दोन नावं दिली आणि हा प्रश्न विचारायला सांगितलं. पहिल्या बाईंनी उत्तर नीट दिलं आणि उलट त्यांनाच विचारलं, "मुलांशी बोलायला खोली कुठली? दार लागतं का?" शाळेत रिकामी खोली एकच होती, पोषण आहाराच्या तांदळाची. गेल्या सोमवारी शिपाई आणि सरांनी मिळून पोती व्हरांड्यात हलवली. कडी मात्र अजून बसवायची आहे.